बंद का पडले, याचे पैसे कोण देणार?

मोठ्या इमारतींच्या देखभालीचे करार वाचले तर त्यांत वेळेचा हिशेब फार बारकाईने मांडलेला दिसतो. तक्रार आल्यापासून माणूस किती मिनिटांत पोहोचला पाहिजे, यंत्र किती तासांत चालू झाले पाहिजे, उशीर झाला तर बिलातून किती रक्कम कापायची, सगळे ठरलेले असते. ते यंत्र बंद का पडले हे शोधण्यासाठी मात्र बहुतेक करारांत एक ओळही नसते. त्यासाठी वेळ धरलेला नसतो आणि मोबदलाही नसतो. पंप, लिफ्ट, वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे चिलर, जनरेटर, हवा खेळवणारे मोठे पंखे या सगळ्यांच्या देखभालीवर आपण जो पैसा खर्च करतो, तो यंत्र पुन्हा सुरू करण्याचा असतो. माझे म्हणणे असे की तीच यंत्रे पुन्हापुन्हा बंद पडतात त्याचे मोठे कारण हेच आहे. आणि हा फक्त गैरसोयीचा प्रश्न नाही, कधीकधी तो जिवावरही बेततो.

पाण्याच्या पंपाचेच बघू. तळघरातली थ्री-फेज मोटार, म्हणजे विजेच्या तीन फेजवर चालणारी, ट्रिप होते, संरक्षणासाठी आपोआप बंद पडते. माणूस येतो, पॅनेल उघडतो, करंट जास्त झाला की मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेचे रीसेट बटन दाबतो. पंप सुरू होतो आणि तक्रार वेळेत बंद होते. दोन दिवसांनी मोटार पुन्हा ट्रिप होते, पुन्हा रीसेट होते. तिसऱ्या खेपेला कोणीतरी रिलेवरची, करंटची मर्यादा ठरवणारी छोटी चकती स्क्रू ड्रायव्हरने थोडी पुढे सरकवतो. आता रिले कुरकुर करत नाही, कारण त्याला गप्प बसवले आहे. पुढे एका रात्री मोटारच जळते. ती रिवाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी नव्याने भरायला जाते, परत येते, बसते आणि काही महिन्यांनी पुन्हा जळते. मग वाइंडिंग करणारा बदलला जातो.

एवढ्या सगळ्यात दोष मोटारीत नसण्याचीच शक्यता जास्त. मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या, तीन पोलपैकी एकाचे कॉन्टॅक्ट खड्डे पडून काळे झालेले असतात, किंवा फ्यूजपाशी एखादा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची जोडणी, सैल असतो, आणि एक फेज अधूनमधून जाते. चालू मोटारीची एक फेज गेली तरी मोटार थांबत नाही, हेच खरे दुखणे. ती उरलेल्या दोन फेजवर रेटत राहते. लोड पूर्ण असेल तर त्या दोन फेजमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग तापत जाते. इन्सुलेशनबद्दल जुना ठोकताळा आहे: ठरलेल्या मर्यादेच्या वर दर १० अंश सेल्सिअसमागे त्याचे आयुष्य निम्मे होते. फेज पूर्ण न जाता नुसती ढिली पडली तरी नुकसान कमी नाही. व्होल्टेजमध्ये १ टक्का असमतोल आला की करंटमध्ये त्याच्या ६ ते १० पट असमतोल दिसू शकतो. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, असे म्हणतात ते इथे तंतोतंत होते. मोटार बदलली जाते आणि दोष कॉन्टॅक्टरमध्ये शाबूत राहतो.

हा दोष सापडायला लागते तरी काय? वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा एक टाँग टेस्टर आणि एक मल्टिमीटर. पंप लोडवर असताना तिन्ही फेजचा करंट मोजायचा, मग कॉन्टॅक्टरच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमधला व्होल्टेजचा फरक एकेका पोलवर पाहायचा. चांगल्या पोलवर तो नगण्य असतो. ज्या पोलवर तो ठळकपणे जास्त दिसेल, तिथे गडबड आहे. चालू पॅनेलमध्ये काम करायचे म्हणून योग्य हातमोजे, तोंडावर ढाल आणि जवळ दुसरा माणूस हवा. तयारी धरून तासाभराचे काम. पण या तासाचे बिल करता येत नाही. नवी मोटार, रिवाइंडिंग, तातडीची फेरी यांचे मात्र येते. म्हणजे आपणच असा बाजार उभा केला आहे ज्यात चुकीचे निदान अधिक कमाई करून देते.

यावर कोणी म्हणेल की कुशल माणूस असेल तर त्याला बघताक्षणीच कळते. काही वेळा कळतेही. कॉन्टॅक्टरचा खणखणाट, पंपातल्या पाण्यात बुडबुडे होऊन फुटण्याचा, म्हणजे कॅव्हिटेशनचा, खडी फिरत असल्यासारखा आवाज, तापलेल्या वार्निशचा वास हे अनुभवी माणूस दारातून ओळखतो. पण ही यंत्रे फसवतातही. हवेचा फिल्टर चोंदला की पंख्याच्या मोटारीवर ताण येऊन करंट वाढेल, असे सहज वाटते. सेंट्रिफ्युगल पंख्यात बहुधा उलटे घडते. हवा कमी वाहते, पंख्याचे काम कमी होते आणि करंट उतरतो. करंट कमी आहे म्हणजे सगळे ठीक आहे असे समजून निघून जाणारा माणूस चोंदलेला फिल्टर तसाच ठेवून जातो. किंवा केबलचे काम झाल्यावर दोन फेजची अदलाबदल होते आणि मोटार उलटी फिरू लागते. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने जाते, फक्त कमी दाबाने आणि कमी प्रमाणात. टाकी भरते, पण वेळ लागतो. मग पंपातले फिरते चाक, म्हणजे इम्पेलर, झिजला असेल म्हणून पंप खोलला जातो. दोन वायरी अदलून बदलून लावण्याचे काम होते, आणि त्यासाठी अख्खा पंप खोलून बसतात. अंदाज आणि निदान यांत मोजमापाचा फरक असतो, आणि मोजायला वेळ लागतो.

वेळ नसतो, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पाणी बंद, लिफ्ट बंद, लोक खोळंबलेले, अशा वेळी कारण कसले शोधत बसता? आक्षेप खोटा नाही, पण वाटतो तेवढा खराही नाही. बहुतेक पंपघरांत एक पंप चालता आणि एक राखीव असतो. पहिला ट्रिप झाला की दुसरा चालू करता येतो, आणि पहिल्याची नीट तपासणी करायला निवांत वेळ मिळतो. राखीव यंत्र त्यासाठीच असते. प्रत्यक्षात घडते ते असे की राखीव पंप चालू झाला की पहिल्याकडे कोणी फिरकत नाही, कारण तक्रार बंद झालेली असते. मग दुसराही पडतो त्या दिवशी धावपळ होते, आणि त्या दिवशी खरोखरच कारण शोधायला वेळ नसतो. ही घाई आपणच आदल्या महिन्यात तयार करून ठेवलेली असते.

'चालू आहे ना?' हा प्रश्नच मुळात फार कमी सांगतो. वातानुकूलन यंत्रात दरवर्षी गॅस भरावा लागतो, हे अनेक ठिकाणी इतके अंगवळणी पडले आहे की तो देखभालीचा एक विधी मानला जातो. रेफ्रिजरंट हे इंधन नव्हे, ते जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तेच फिरत राहते. ते कमी झाले असेल तर कुठेतरी गळते आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे यंत्र चालू ठेवून दोष जपणे. शिवाय आर-४१०ए या प्रचलित रेफ्रिजरंटचा वातावरण तापवण्याचा प्रभाव शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट धरला जातो, म्हणजे तो दोष एका इमारतीपुरता राहत नाही. वातानुकूलनाचे पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरचे तसेच. पंखा फिरतो, पाणी पडते, इमारत थंड राहते, आणि त्याच कोमट पाण्यात २० ते ४५ अंशांदरम्यान लिजिओनेला हा जिवाणू वाढत असतो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेल्या लोकांमध्ये न्यूमोनियाची जीवघेणी साथ पसरली आणि त्यातूनच या जिवाणूचा शोध लागला. संशय हॉटेलच्या वातानुकूलन व्यवस्थेवर होता. कराराच्या भाषेत अशा यंत्राचा 'अपटाइम', म्हणजे चालू राहिल्याचा वेळ, शंभर टक्के दाखवता येतो.

जनरेटरचेही असेच. दर आठवड्याला तो पाच मिनिटे नुसता फिरवून बंद करायचा आणि वहीत 'ठीक' लिहायचे, ही चाचणी त्याला हळूहळू मारते. लोडशिवाय चालणारे डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, न जळलेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचत जाते. म्हणून अमेरिकेतल्या एनएफपीए ११० या मानकात महिन्यातून एकदा ३० मिनिटे, क्षमतेच्या किमान ३० टक्के लोडवर चालवण्याची अट आहे. आणि जनरेटर एकटा नसतो. बॅटरी, इंधनपंप, इमारतीचा पुरवठा जनरेटरवर वळवणारा ट्रान्स्फर स्विच यांच्या साखळीतली एक कडी निसटली की तो निरुपयोगी. २०१२च्या ऑक्टोबरात सँडी वादळाच्या वेळी न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर १३व्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना इंधन पोहोचवणारे पंप तळघरात होते. तळघरात पाणी शिरले. त्यानंतर माणसांनी जिन्यात साखळी करून हातोहात इंधन वर पोहोचवले. पाच मिनिटांच्या कोणत्याही चाचणीत ही उणीव दिसली नसती. इंधनाचा थेंब टाकीतून इंजिनापर्यंत कसा जातो, हे कोणीतरी पायी चालत जाऊन पाहिले असते तर दिसली असती.

आता लिफ्टकडे येतो, कारण घाईची खरी किंमत तिथे दिसते. दोर तुटून लिफ्ट कोसळेल ही भीती सर्वांना असते, पण त्या भीतीवरचा उपाय दीडशे वर्षांहून जुना आहे. एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यू यॉर्कमध्ये लोकांसमोर दोर कापून घेऊन, दोर तुटताच लिफ्टला धरून ठेवणारा तो उपाय दाखवला होता. आजच्या लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर आवळलेला असतो आणि विजेने सुटतो, म्हणजे वीज गेली तर तो आपोआप पकडतो. धोका दुसरीकडे आहे, दरवाजांत. लिफ्टच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ तेच खातात. दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलू नये म्हणून त्याला इंटरलॉक असतो आणि त्याचे कॉन्टॅक्ट धुळीने, धक्क्याने, उंबऱ्यातल्या कचऱ्याने बिघडतात. नक्की कोणत्या मजल्यावरचा कॉन्टॅक्ट सुटतो आहे हे शोधायला मजलोमजली हिंडावे लागते. तोवर लोक ओरडत असतात. अशा वेळी कंट्रोलरमध्ये दोन टर्मिनलवर वायरीचा एक तुकडा मारला की लिफ्ट चालू होते. तो जंपर काढायचा राहून गेला, तर दार उघडे असतानाही लिफ्ट चालू लागते आणि आत पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली लिफ्ट नसते.

मानके लिहिणाऱ्यांना हे नीट ठाऊक आहे. ईएन ८१-२० या युरोपीय मानकाने दरवाजांचे कॉन्टॅक्ट तपासणीपुरते बाजूला काढण्यासाठी कंट्रोलरमध्येच बायपासची सोय सक्तीची केली. तो बायपास लावला की लिफ्ट सामान्य पद्धतीने चालतच नाही, फक्त तपासणीच्या रीतीने हलते आणि हलताना आवाज व दिवा चालू राहतो. तंत्रज्ञावर दबाव येणार, तो आडवाट शोधणार, हे मान्य करून ती आडवाटच सुरक्षित केली आहे. मला हा दृष्टिकोन उपदेशापेक्षा फार शहाणा वाटतो.

अग्निशमन पंपाबाबतही असेच शहाणपण आहे. इतर मोटारींना ओव्हरलोडचे संरक्षण देतात. प्रमुख मानकांनुसार आगीच्या पंपाच्या मोटारीला मात्र ते मुद्दाम दिले जात नाही. आग लागली असताना मोटार वाचवण्यासाठी पंप बंद पडू नये, मोटार जळाली तरी चालेल, असा तो विचार आहे. म्हणजे 'काहीही झाले तरी चालू ठेवा' हे धोरण कधीकधी बरोबरही असते. फरक असा की तिथे तो निर्णय आधी, शांतपणे, लेखी आणि जबाबदार माणसांनी घेतलेला असतो. रात्री अडीच वाजता रिलेची चकती पुढे सरकवणाऱ्याने तोच निर्णय एकट्याने, कोणाला न विचारता आणि कुठेही न लिहिता घेतलेला असतो. तो बेजबाबदार असतो असे नाही. यंत्र चालू झाले नाही तर त्याची रक्कम कापली जाते. ते चुकीच्या मार्गाने चालू केले तर कोणी विचारत नाही.

वार्षिक, सहामाही सर्व्हिसिंग वाढवा म्हणजे झाले, असा एक सल्ला नेहमी मिळतो. यावर जरा सावध राहायला हवे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या बिघाडांच्या नोंदी पाहिल्या. दर ५० उड्डाण-तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवे होते. ते तपासणीनंतर लगेचच वाढलेले दिसले. खोललेल्या आणि पुन्हा जोडलेल्या यंत्रात नवे दोष शिरत होते. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालात विमानांचे ८९ टक्के भाग असे निघाले की ठरावीक वयानंतर ते बदलून काही साधत नव्हते. विमानाचे आकडे पंपघराला जसेच्या तसे लागू करू नयेत. पट्टे झिजतात, फिल्टर चोंदतात, ब्रेकचे अस्तर उतरते, ते वेळापत्रकानेच बदलले पाहिजे. पण बेअरिंगमध्ये दर फेरीला न मोजता ग्रीस दाबणारा माणूस बेअरिंगचे आयुष्य वाढवत नसतो. जादा ग्रीस आत घुसळून तापते आणि बेअरिंगच खाते. काम केल्याची खूण म्हणून केलेले काम, असा हा प्रकार.

सेन्सरवाल्यांचे म्हणणे याहून आकर्षक आहे. कंपन, तापमान, करंट सतत मोजा, पडद्यावर दाखवा. मला ते हवेच आहे. मात्र कंपनाचा सेन्सर बेअरिंग जाणार आहे हे सांगेल. मागच्या दुरुस्तीत पाइप ओढूनताणून फ्लँजला जोडला, त्याच्या ताणाने पंप आणि मोटार एका रेषेत राहिले नाहीत आणि म्हणून बेअरिंग जाते आहे, हे त्याला माहीत नसते. ते तिथे उभ्या माणसालाच दिसते. आणि जे यंत्र आपणहून सांगते ते तरी आपण कुठे ऐकतो? मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे आजचे बहुतेक व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह मागच्या अनेक ट्रिपांचे कोड जपून ठेवतात, आणि अनेक ड्राइव्ह त्या क्षणीचा करंट आणि व्होल्टेजही. ती यादी वाचून कागदावर उतरवायला पाच मिनिटे पुरतात. पण येणारा माणूस रीसेट दाबतो आणि जातो.

मग करायचे काय? करारातल्या प्रतिसादाच्या वेळा ठेवा, त्या काढून टाका असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या जोडीला एक अट घाला. त्याच यंत्रात तोच दोष ठरावीक मुदतीत परत आला, तर तो नवा दोष नव्हे, जुनाच न सुटलेला आहे असे धरावे, आणि दुसऱ्या फेरीचे व सुट्या भागांचे बिल देऊ नये. कारण शोधण्याच्या तासांचे मात्र वेगळे पैसे द्यावेत, मोकळ्या मनाने. एवढ्याने ठेकेदाराचे गणित फिरेल, कारण आज जे निदान त्याला तोट्याचे पडते तेच स्वस्त पडू लागेल. नोंदवही इमारतीच्या मालकीची असावी. आज ठेकेदार बदलला की वहीही त्याच्याबरोबर जाते, आणि नवा माणूस दहा वर्षे चाललेल्या यंत्रासमोर पहिल्या दिवसासारखा उभा राहतो. कंट्रोलरचा पासवर्ड, वायरिंगचा नकाशा, इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या शेवटच्या मेगर चाचणीचे आकडे यांनाही तोच नियम. ज्या यंत्राच्या नकाशावर त्याच्या मालकाचा हक्क नाही, ते यंत्र त्याने विकत घेतले नसून भाड्याने आणले आहे.

तंत्रज्ञाला यंत्र बंद ठेवण्याचा अधिकार हवा, तोही कागदावर. इंटरलॉक नीट होईपर्यंत ही लिफ्ट चालणार नाही, असे त्याने लिहिले तर व्यवस्थापकाला ते मोडता येऊ नये. मोडायचेच असेल तर त्याने स्वतःच्या सहीने मोडावे. अशी सही करायला फार थोडे लोक तयार होतील असा माझा अंदाज आहे. रहिवासी, रुग्ण, कर्मचारी यांना ती वही पाहता आली पाहिजे, निदान लिफ्ट, आग आणि पाणी या तीन बाबतींत.

यात एक अडचण उरते. कारण लिहिण्याची सक्ती केली आणि त्या कारणावरून शिक्षा होऊ लागली, तर वहीत 'झीज', 'वय झाले', 'व्होल्टेज कमी-जास्त' असले कोणालाच न लागणारे शब्द भरतील. ते आजही भरतातच. म्हणून वहीत 'कारण सापडले नाही' असे लिहिण्याची मुभा हवी, आणि त्यापुढे काय काय तपासले, किती आकडे आले, काय तात्पुरते बायपास केले आणि ते केव्हा काढले, हे लिहिण्याची सक्ती हवी. ज्याने असे प्रामाणिकपणे लिहिले त्याचा मोबदला कापता कामा नये. पुढच्या खेपेला येणाऱ्याला तिन्ही फेजचे करंट, कोणत्या पोलवर किती व्होल्टेज पडला आणि कोणता लग आवळला हे हातात मिळेल, आणि तो रीसेट बटनाकडे न जाता तिथून पुढे शोधायला लागेल.